‘अँटिसिपेट’ म्हणजे आगाऊ उचल

वाचकाचं पत्र:

‘मी इचलकरंजीत कापड निर्यात करणाऱ्या एका ऑफिसात तीन वर्षं काम करते. दहावीपर्यंत मराठी माध्यम, नंतर बी.कॉम. परदेशी गिऱ्हाइकांचे मेल माझ्याकडे असतात. गेल्या महिन्यात लंडनच्या एका पार्टीला मी लिहिलं, “वुई अँटिसिपेट युअर पेमेंट बाय द फिफ्टीन्थ.” साहेबांनी तो मेल सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला आणि म्हणाले, “अँटिसिपेट म्हणजे भाकीत करणं. तू काय कुडमुड्या जोशी लागून गेलीस?” सगळे हसले. माझे वडील तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. त्यांना सांगितलं तर म्हणाले, “आम्ही जन्मभर अर्जाच्या शेवटी थँकिंग यू इन अँटिसिपेशन लिहीत आलो, कुणी हसलं नाही.” डिक्शनरीत तर सरळ “अपेक्षा करणे” असं दिलंय. मग चुकलं कुणाचं? हा शब्द मुळात आला कुठून? आणि आता तो लिहायची वेळ आली की हात थबकतो, त्याचं काय करू?’

*

साहेबांचं आधी उरकून टाकू. ते चुकले. भाकीत करणं म्हणजे ‘प्रेडिक्ट’. लॅटिनमध्ये ‘प्राए’ म्हणजे आधी आणि ‘दिकेरे’ म्हणजे बोलणं. जोशीबुवा प्रेडिक्ट करतात, कारण त्यांचा सगळा धंदाच तोंडाचा. तुमच्या वाक्यात ते काही नव्हतं. बाकी कुणाचा मेल चारचौघांत वाचून दाखवायची ही रीत मला पसंत नाही, पण तो विषय या सदराचा नाही.

डिक्शनरी बरोबर आहे, फक्त तिने तुम्हाला अर्धंच सांगितलं. तुमचे वडील मात्र शंभर टक्के बरोबर. किती बरोबर, हे कदाचित त्यांनाही ठाऊक नसेल. त्यांच्याकडे येतोच.

या शब्दातला ‘अँटी’ पहिल्यांदा चकवा देतो. अँटिबायोटिक, अँटी करप्शन यांतला ‘अँटी’ ग्रीक आहे, त्याचा अर्थ विरुद्ध. आपला ‘अँटी’ म्हणजे लॅटिन ‘आन्ते’, अर्थ ‘आधी’. ऑफिसची वेळ 10 ए.एम. लिहिता ना, त्यातला ‘ए’ हाच: ‘आन्ते मेरिदिएम’, मध्यान्हीच्या आधी. उरलेला ‘सिपेट’ हा ‘कापेरे’ या क्रियापदाचा झिजलेला तुकडा. कापेरे म्हणजे घेणं, पकडणं, मुठीत धरणं. दोन्ही जोडून ‘आन्तिकिपारे’, म्हणजे आधीच घेणं.

हे ‘आधीच घेणं’ पुस्तकी वाटत असेल तर एक चित्र सांगतो. माझं आजोळ बीड जिल्ह्यातलं. मे-जूनच्या सुमारास ऊसतोडीला माणसं नेणारा मुकादम गावात यायचा आणि मामाच्या ओट्यावर बसून वही उघडायचा. कोयत्यामागे अमुक इतकी उचल. कोयता म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी. ऊस अजून शेतात उभा, कारखान्याचा गाळप हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होणार, पहिल्या उसावर कोयता पडायला चार-पाच महिने अवकाश. पैसे मात्र आज हातात. मामी ती नोटांची घडी पिठाच्या डब्यात खुपसून ठेवायची. गणपती यायच्या आत डब्यात पुन्हा नुसतं पीठ उरलेलं असायचं: कुणाचं लग्न, कुणाचा दवाखाना, किराणा दुकानदाराची थकलेली उधारी. पुढे दसरा झाला की गाडी यायची आणि माणसं संसार पाठीवर टाकून पश्चिमेकडे निघायची. हंगामभर तोडून उचल फिटली तर फिटली. नाहीच फिटली तर पुढच्या वर्षाच्या खात्यावर चढायची.

‘आन्तिकिपारे’ शब्दशः मराठीत आणायचा झाला तर यापेक्षा नेमका शब्द मला अजून सापडलेला नाही: आगाऊ उचल. ‘आन्ते’ला आगाऊ, ‘कापेरे’ला उचल. उद्याची वस्तू आजच हातात घेणं. उगाच जुळवतोय असं वाटेल, पण तसं नाही. इंग्रजीत या क्रियापदाचा एक जुना अर्थ खरोखरच हा आहे. पगार ‘अँटिसिपेट’ करणं म्हणजे तो मिळायच्या आधीच त्यातले पैसे खर्चून बसणं.

आता तुमचं वाक्य पुन्हा वाचा. जुन्या वळणाच्या एखाद्या लंडनकराने ते शब्दाला धरून वाचलं, तर त्याला असं वाटू शकतं की पंधरा तारखेला येणारे पैसे तुम्ही आजच उडवले आहेत. (साहेबांच्या धंद्याची स्थिती मला माहीत नाही. ते खरंही असेल.)

इंग्रजीत हा शब्द 16व्या शतकात आला. तेव्हा त्यात वाट बघणं नव्हतं, घाई होती. एखादी गोष्ट वेळेआधी घडवून आणणं, किंवा दुसऱ्याने काही करायच्या आत आपण हात मारणं, हे त्याचे अर्थ. शेक्सपियरच्या मॅकबेथला कळतं की त्याचा शत्रू मॅकडफ इंग्लंडला निसटला. तेव्हा तो काळालाच उद्देशून म्हणतो की माझी भयंकर कृत्यं तू ‘अँटिसिपेट’ केलीस. इथे ‘अपेक्षा केलीस’ घालून पाहा, वाक्य कोसळतं. त्याला म्हणायचंय ते असं, की मी हात उगारायच्या आत तू डाव साधलास.

‘अपेक्षा करणे’ हा मवाळ अर्थ त्याला 18व्या शतकात चिकटला, आणि त्यावरून इंग्रज आपसांत भांडत आलेत. शुद्धतेचा आग्रह धरणारे म्हणतात, ‘एक्स्पेक्ट’ हा चांगला आटोपशीर शब्द असताना केवळ भारदस्त दिसावं म्हणून लोक ‘अँटिसिपेट’ लिहितात. ते एक चावट उदाहरणही देतात. लग्न ‘एक्स्पेक्ट’ करणारं जोडपं मुहूर्ताची वाट बघत असतं. लग्न ‘अँटिसिपेट’ करणारं जोडपं मुहूर्तापर्यंत थांबलेलं नसतं. यापुढचं तुमचं तुम्ही समजून घ्या. आजच्या कोशांनी दोन्ही अर्थ मान्य केलेत, त्यामुळे व्याकरणाच्या नावाखाली तुम्हाला कुणी लाल शाईने खोडू शकत नाही. मी स्वतः थोडा त्या शुद्धतावाल्यांच्या बाजूचा आहे, पण कारण शुद्धतेचं नाही. दोन वेगळी हत्यारं असताना एकाचीच धार दोघांना कशाला लावायची, एवढंच माझं म्हणणं.

कारण ‘एक्स्पेक्ट’मध्ये हात नाहीच, डोळा आहे. लॅटिन ‘एक्स’ म्हणजे बाहेर आणि ‘स्पेक्तारे’ म्हणजे पाहणं. दारात उभं राहून रस्त्याकडे नजर लावणं. स्पेक्टेटर, इन्स्पेक्टर, आजोबांचे स्पेक्टॅकल्स, सगळी याच घरातली मंडळी. संस्कृतमध्येही या घराची एक शाखा आहे. ‘पश्यति’ तिथलाच. ‘स्पश्’ या धातूपासून ‘स्पश’ म्हणजे हेर झाला आणि ‘स्पष्ट’ही झाला, म्हणजे नीट दिसलेलं. तेव्हा ‘एक्स्पेक्ट’मधला ‘स्पेक्ट’ आणि आपला ‘स्पष्ट’ हे दूरचे का होईना, भाऊबंद आहेत.

आणि आपली ‘अपेक्षा’? ती ‘ईक्ष्’ धातूची, म्हणजे पुन्हा पाहणंच. प्रतीक्षा, परीक्षा, निरीक्षण, उपेक्षा या तिच्या बहिणी. नुसतं थांबायचं झालं तरी मराठी माणूस वाटच ‘पाहतो’ किंवा ‘बघतो’. गंमत म्हणजे इंग्रजी ‘वेट’ही मुळात डोळ्याचाच शब्द आहे. तो फ्रेंचमधून आला, मूळ जर्मानिक, ‘वॉच’ आणि ‘वेक’ यांच्या नात्यातला. जागं राहून पहारा देणं. थांबणं नंतरचं.

म्हणजे वाट पाहणाऱ्या शब्दांनी बहुतेक ठिकाणी डोळा धरला आणि एका ‘अँटिसिपेट’ने हात पुढे केला. तुमच्या कोशाने ‘अपेक्षा करणे’ एवढंच लिहून नेमका तो हातच कापून टाकला.

हात म्हणजे काय हे बघायचं तर 1971 च्या ऑगस्टमधल्या ओव्हल कसोटीत चला. एकनाथ सोलकर फॉरवर्ड शॉर्ट लेगला, फलंदाजापासून हाताच्या अंतरावर म्हणा ना, आणि डोक्यावर हेल्मेट नाही. मुंबईतल्या हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा हा मुलगा, मैदानातच वाढलेला. वेंकटराघवनच्या चेंडूवर अ‍ॅलन नॉटची बॅट पुढे आली, आणि सोलकरने पुढे झेप टाकून जमिनीलगत झेल टिपला. नॉट एका धावेवर बाद. इंग्लंडचा डाव 101 वर आटोपला आणि भारताने इंग्लंडमधली पहिली कसोटी जिंकली. स्कोअरकार्डात चंद्रशेखरचे 38 धावांत 6 बळी उठून दिसतात, ते बरोबरच आहे. पण शॉर्ट लेगला चेंडू बॅटवरून निघाल्यावर विचार करायला वेळच नसतो. चेंडू येईल अशी ‘अपेक्षा’ मैदानावरच्या सगळ्यांचीच असते, गच्चीवर ट्रान्झिस्टर धरून बसलेल्यांचीही. सोलकरचं शरीर मात्र चेंडूच्या आधी निघालेलं असायचं. 27 कसोटींत 53 झेल, आणि तो यष्टिरक्षक नव्हता. कॉमेंट्रीवाले ‘अँटिसिपेशन’ म्हणतात ते याला. आणि तो ‘कॅच’ शब्दसुद्धा जुन्या फ्रेंचमधून फिरत फिरत त्याच ‘कापेरे’पासून आलेला आहे.

‘कापेरे’चं खानदान मोठं आहे, सगळ्यांची ओळख करून देत बसत नाही. ‘कॅप्चर’ आणि ‘कॅपेबल’ चेहऱ्यावरूनच ओळखू येतात. ‘पार्टिसिपेट’ म्हणजे वाटा घेणं. ‘रेसिपी’ म्हणजे लॅटिनमध्ये चक्क आज्ञा, ‘घे!’ पूर्वी वैद्य औषधाच्या चिठ्ठीची सुरुवात या शब्दाने करायचे, म्हणून डॉक्टर अजून कागदाच्या डोक्यावर तो आर-एक्स काढतात. आणि ‘म्युनिसिपल’मध्ये कर्तव्य अंगावर घेणं आहे. तुमच्या गावच्या गटारी बघून हे पटायला जड जाईल, पण व्युत्पत्ती तीच. ‘कॅपिटल’ मात्र या घरातलं नाही. ते डोक्याचं, ‘कापुत’चं. तिथे गल्लत करू नका.

मराठी वर्तमानपत्रात हा शब्द तुम्ही दर दोन दिवसांनी वाचता, फक्त तो वेष पालटून येतो. ‘अँटिसिपेटरी बेल’, म्हणजे अटकपूर्व जामीन. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 438, आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 482. इथे कुणी अटकेची आवडीने वाट बघत नसतो. अटक व्हायच्या आधीच जामीन खिशात घालून ठेवायचा असतो. 1980 साली गुरबक्षसिंग सिब्बिया यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी याचा खोलात विचार केला. सरन्यायाधीश होते आपले यशवंत विष्णू चंद्रचूड. त्यांनी खुलासा केला की हा आदेश आधी मिळतो, पण लागू होतो अटकेच्या क्षणी. आज घेतलं, उपयोग उद्या. मराठी भाषांतर करणाऱ्याने इथे ‘अपेक्षित जामीन’ लिहिलं नाही याबद्दल त्याला मनापासून नमस्कार. ‘पूर्व’ घालून त्याने ‘आन्ते’ अचूक पकडला. त्या कलमाच्या इंग्रजी मथळ्यात तर गंमतच आहे. तिथे अटक ‘अ‍ॅप्रिहेन्ड’ करणारी व्यक्ती असे शब्द आहेत, अर्थ अटकेची धास्ती असलेली व्यक्ती. आणि पोलीस माणसाला पकडतात त्यालाही इंग्रजीत ‘अ‍ॅप्रिहेन्ड’च म्हणतात. त्याच्याही पोटात हातच आहे. मनाने भीती पकडली काय आणि हवालदाराने मनगट पकडलं काय.

आता तुमचे वडील. ‘थँकिंग यू इन अँटिसिपेशन’ म्हणजे काम अजून झालेलं नाही, साहेबांची सहीसुद्धा पडलेली नाही, पण आभार आजच देऊन ठेवले. आगाऊ आभार. आन्ते आणि कापेरे दोन्ही जागच्या जागी. कचेरीतल्या त्या ठोकळेबाज ओळीत शब्दाचा मूळ अर्थ जितका शाबूत राहिला तितका पुष्कळ इंग्रजांच्या लिखाणात राहिलेला नाही. हल्ली ती ओळ जुनाट मानतात, आणि काहींना ती थोडी उद्धटही वाटते, कारण समोरच्याने ‘हो’ म्हणायच्या आतच त्याला बांधून टाकलेलं असतं. मराठीत याला वेगळं स्पष्टीकरण लागत नाही. वेळेआधी दिलेली रक्कमही आगाऊ, आणि न विचारता पुढे पुढे करणारं पोरही आगाऊ. एका शब्दात दोन्ही मावले. तरी वडिलांना म्हणावं, ओळ अगदी चोख होती.

मग मराठीत ‘अँटिसिपेट’ला काय म्हणायचं? एकच शब्द चिकटवून ठेवू नका, कामाप्रमाणे बदला. बुद्धिबळात समोरच्याची खेळी अँटिसिपेट केली तर आपण ती ‘आधीच हेरली’. अडचण अँटिसिपेट करून तजवीज केली तर ‘आधीच ओळखून सोय केली’. बजेटमध्ये दरवाढ अँटिसिपेट केली असेल तर ‘धरून चाललो’. या ‘धरून चालण्या’त आणि ‘गृहीत धरण्या’त तर हात आपोआप येतो. गृहीत म्हणजे घेतलेलं, आणि वर ते पुन्हा धरायचं. तूर बाजारात असताना घरात भांडण काढणारा आपला भट आणि भटीण हेही कट्टर अँटिसिपेट करणारेच. त्यांना फार मान देऊ नये.

तुमच्या मूळ भीतीबद्दल. हात थबकला की स्वतःला एकच विचारा: पुढचं ओळखून मी आज काही केलंय का, की नुसती वाट बघतेय? काही केलं असेल तर बेधडक ‘अँटिसिपेट’ लिहा. पावसाळ्यात सूत उशिरा येतं हे ओळखून तुम्ही दहा दिवस आधीच माल मागवून ठेवलाय, असं गिऱ्हाइकाला कळवायचंय? ‘वुई अँटिसिपेटेड द डिले अँड ऑर्डर्ड द यार्न अर्ली.’ त्या वाक्यात हा शब्द असा चपखल बसेल की साहेबांना हसायला जागा मिळणार नाही. बहुधा त्यांना वाक्यच आवडेल आणि पुढच्या वेळी स्वतःच्या मेलमध्ये ते वापरतील.

पैशाच्या मेलमध्ये मात्र मी तो लिहिला नसता. मग ‘एक्स्पेक्ट’ लिहायचं? सांभाळून. ‘वुई एक्स्पेक्ट पेमेंट बाय द फिफ्टीन्थ’ यात थोडी दटावणी आहे. आपणही ‘तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती’ म्हणतो तेव्हा काही आरती ओवाळत नसतो. जुनी, नियमित पैसे देणारी पार्टी असेल तर ‘वुई लुक फॉरवर्ड टू रिसीव्हिंग युअर पेमेंट बाय द फिफ्टीन्थ’ लिहा. हाही डोळ्याचाच शब्द, पण नजर सौम्य आहे. दोनदा टोलवाटोलवी केलेली पार्टी असेल तर ‘एक्स्पेक्ट’ घाला आणि सीसीमध्ये साहेबांना ठेवा.

आणि पंधरा तारीख उलटूनही पैसे आले नाहीत, तर या सगळ्या क्रियापदांना सुट्टी द्या. विषयाच्या ओळीत बिलाचा नंबर आणि पुढे ‘ओव्हरड्यू’ एवढंच टाका. त्याचा अर्थ लंडनमध्ये कुणाला विचारावा लागत नाही.